कापड कुणीकडे उडतंय?

३ मार्च, सोमवार

संपादकांनी मला हवाई तळावर धाडलं आहे. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे वाचकांना कळेल असं लिहाल." स्तुती आणि निंदा एका वाक्यात इतक्या घट्ट बसवायला आम्हाला पाठशाळेत समास शिकावे लागले होते. यांना उपजतच येतं.

प्रकरण असं आहे. वरच्या खोऱ्यातून शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत गाडीला सात तास लागतात. तेही दरड पडली नसेल तर. इथल्या सैन्याच्या हेलिकॉप्टर तुकडीला आजपासून सहा आठवड्यांसाठी नवं काम मिळालं आहे. खोऱ्यातून फोन आला की उडायचं, रुग्णाला उचलायचं आणि तळाला लागून असलेल्या रुग्णालयात आणून उतरवायचं. अट एकच. फोनची घंटा वाजल्यापासून चाकं जमीन सोडेपर्यंत सरासरी पंधरा मिनिटं. त्याहून जास्त भरली तर सहा आठवड्यांनंतर सेवा बंद, आणि खोरं पुन्हा सात तासांवर.

मोजायला मंत्रालयाने एक गृहस्थ पाठवले आहेत. गळ्यात दोरी, दोरीला घड्याळ. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, पण तुकडीने तासाभरात त्यांचे 'घड्याळवाले' केले. माझं 'शास्त्रीबुवा' झालं आहे. जेवताना मी एकदाच 'तथापि' म्हणालो होतो.

ही सेवा मिळावी म्हणून अर्ज करकरून ज्या बाईने सरकारला भंडावून सोडलं ती माझी ताई. खोऱ्यातल्या दोन खोल्यांच्या आरोग्य केंद्रात एकवीस वर्षं नर्स आहे. मागल्या हिवाळ्यात एक सुतार रस्त्यातच गेला, पाचव्या तासाला. गाडीत त्याच्या उशाशी ताईच होती. त्याबद्दल ती बोलत नाही, अर्ज करते.

सकाळी तिला फोन करून सांगितलं की तुझ्या हेलिकॉप्टरवर मीच लिहिणार आहे. म्हणाली, "बाळ्या, नीट लिही. बंद पडलं तर मी मंत्र्याला नाही, तुला धरीन."

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. तळावरच्या शिपायांसमोर 'बाळ्या' ऐकू जाऊ नये म्हणून आवाज कमी कसा करतात ते आता शिकायला हवं.

४ मार्च, मंगळवार

माझी खोली हँगरच्या मागे. लोखंडी खाट, लोखंडी कपाट, लोखंडी खुर्ची. उशीबद्दलही मला शंका आहे.

फोनच्या खोलीत एक हवालदार बसतो. रुंद खांदे, मिशा, आणि आवाज असा की फोनची तार नसती तरी खोऱ्यात ऐकू गेला असता. समोर छापील कागद, त्यावर बावीस प्रश्न. उतरायच्या जागेचे अक्षांश-रेखांश, उतार किती टक्के, वारा किती अंशातून, अडथळ्यांची उंची. नियम असा की उत्तरं क्रमाने घ्यायची. एखादं राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"पहिल्यापासून का?" मी विचारलं.

"क्रम चुकला की माणूस मरतो, शास्त्रीबुवा."

"आणि क्रम पाळताना?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मुलकी माणसाकडे पाहावं तसं.

६ मार्च, गुरुवार

पहिला फोन. लाकडाच्या वखारीत एकाचा पाय ओंडक्याखाली सापडला. फोनवर त्याचा मेव्हणा.

"वारा किती अंशातून?" हवालदार गरजला.

"साहेब, वारा... बाहेरून येतोय."

"अंश सांगा!"

"थंडी आहे, पण फार नाही."

तीनदा पहिल्यापासून झालं. दुसऱ्या खेपेला मेव्हण्याने अक्षांशाऐवजी स्वतःचा जन्मदिवस सांगितला. बिचाऱ्याला वाटलं, आकडाच हवाय ना, घ्या.

एकतीस मिनिटं. घड्याळवाल्यांनी आकडा वहीत लिहिला आणि वही हळूच मिटली. वाईट माणूस नाही. पाय वाचला, माणूस हसतखेळत आहे. सरासरीचा मात्र पहिल्याच फोनला मोडला.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन, नेहमीप्रमाणे रविवारी दुपारी. एकतीस मिनिटांची बातमी तिला आधीच होती. मेव्हणा गावभर सांगत सुटलाय की सैन्याने आपली परीक्षा घेतली आणि आपण नापास झालो. लोक म्हणतात, आम्हाला नाही जमायचं, आम्ही आपले गाडीनेच जाऊ.

"ते फोनच करणार नाहीत, कळतंय का तुला?" ताई म्हणाली. आणि मग, "दाढ दुखतेय माझी. डावीकडची. चढ चढला की जास्त."

मी म्हटलं, चढण चढणारी दाढ वैद्यकशास्त्रात नवीन असेल, तुझ्या नावाने ओळखली जाईल. ती हसली नाही. तिला विनोद कळायला वेळ लागतो, लहानपणापासून.

१० मार्च, सोमवार

मेजरबाईंनी बोलावलं. या तुकडीच्या प्रमुख. चहाचा पेला टेबलाच्या कडेपासून बरोबर चार बोटं आत ठेवतात. समोर बावीस प्रश्नांचा कागद.

"हे लोकांना कळत नाही. तुम्ही भाषेतले. मला माहिती हवीच. जागा सपाट आहे का, तारा-झाडं आहेत का, वारा कुणीकडचा, रुग्ण किती जड, हालत काय. बाकी तुम्ही बघा."

माझी छाती फुगली. तीन दिवस द्या म्हणालो, दीडच लागला. बावीसचे नऊ प्रश्न केले आणि नऊही स्वच्छ, शुद्ध, निर्दोष. 'समीपस्थ परिसरात विद्युद्वाहिनी वा उत्तुंग वृक्ष आहेत काय?' हे तर मी खोलीत दोनदा मोठ्याने वाचलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी 'शाबास' म्हणालं. पत्ते चालू होते म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

फोन आला तो एका शाळामास्तरांचा. बायकोला कळा सुटलेल्या, दिवस भरायला अजून वेळ, मूल आडवं. हवालदाराने माझा कागद उचलला आणि विचारलं, "अवतरणयोग्य भूमी समतल आहे काय?"

मग मास्तर म्हणाले, "वा! फार दिवसांनी असं काही कानावर पडलं. कुणी लिहिलंय हो?"

मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होतो. खरं लिहायचं तर एक क्षण मला बरं वाटलं.

मग मास्तरांनी 'अवतरणयोग्य' बरं की 'अवतरणार्ह', असा विषय काढला. मागून बायकोचा आवाज आला, "द्या तो फोन इकडे!" आणि मग थेट, "अहो, पोट दुखतंय माझं, व्याकरण नाही! काय हवंय तुम्हाला, भराभर बोला!"

हवालदाराने विद्युद्वाहिनीचा प्रश्न विचारला. बाईंनी त्याला जे सांगितलं ते दैनंदिनीतही लिहिता येत नाही.

चोवीस मिनिटं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हेलिकॉप्टर उतरल्यावर अकराव्या मिनिटाला. ती अकरा मिनिटं नसती मिळाली तर, असं तुकडीबरोबर उडणारे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं.

मेजरबाईंनी माझा कागद परत दिला. पेला कडेपासून दोन बोटांवर आला होता.

१५ मार्च, शनिवार

मीच ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला धाप लागली आणि पायरीवर बसावं लागलं. बराच वेळ बसली.

"कागद पेन्सिल घे," म्हणाली. "आणि मी सांगते तसंच लिही, सुधारू नको."

मी लिहिलं.

"जागा सपाट आहे का, असं विचारलं की माणूस आहेच म्हणतो, स्वतःच्या गावाला वाकडं कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारा, अंगणात चेंडू ठेवला तर राहील का घरंगळेल? तारा-झाडांचं विचारू नका. पोराने पतंग उडवला तर कशात अडकेल, ते विचारा. तार कुठंय ते प्रत्येक आईला पाठ असतं. वजन? बाईमाणूस खरं वजन कधी सांगतं का? उचलायला किती जण लागतील, एवढंच."

"आणि वारा?"

"दोरीवरचे कपडे कुणीकडे उडतायत? शाळेकडे, नदीकडे, का डोंगराकडे? हे कळायला पंचांग लागत नाही."

सोळा वर्षं मी भाषा शिकलो. ताई दहावीनंतर नर्सिंगला गेली, कारण घरात एकाचंच पुढचं शिक्षण होणार होतं. हे सुचलं म्हणून लिहिलं. विषयाशी संबंध नाही.

१८ मार्च, मंगळवार

बारा मिनिटं!

उंचावरून पडलेला गवंडी. पलीकडून त्याची सून बोलत होती. चेंडू राहतो, पतंग अडकणार नाही, कपडे शाळेकडे, उचलायला तिघं. हवालदार प्रश्न आधी नाखुशीने वाचत होता. 'पोराने पतंग उडवला तर' हे वाक्य वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या तोंडून कधी निघालं नसावं. पण उत्तरं धडाधड आली तशा त्याच्या मिशा वर होत गेल्या. घड्याळवाल्यांनी चक्क टाळी वाजवली आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

आनंद पन्नास मिनिटं टिकला. मग पायलट परत आला. गवंडी सुरक्षित, पायलट लालबुंद.

"कपडे कुठायत?" हातमोजे आपटत तो म्हणाला. "वर पोचेपर्यंत वारा फिरला असला तर कपड्यांवरून कळेल, असं तुम्हीच म्हणालात ना? अख्ख्या गावात एका दोरीवर एक कापड नव्हतं! रुमाल नाही, फडकं नाही! मी तीन घिरट्या घातल्या. शेवटी अंदाजाने उतरलो तो गवताच्या गंजीवर. गंजी आता गावभर आहे."

"पण सून तर म्हणाली कपडे शाळेकडे..."

"म्हणाली ना. आणि फोन ठेवून काढून आणले!"

कारण दुपारी कळलं. सैन्याने फोनवर दोरीवरच्या कपड्यांची चौकशी केली, म्हणजे येऊन पाहणार. पाहुणे यायचे आणि अंगणात यांचे लेंगे वाळत? सुनेने आरोळी ठोकली आणि पाच मिनिटांत गावाने धुणं आत घेतलं. जखमी सासरा ओट्यावर, आणि चार बाया ओल्या चादरींच्या घड्या घालतायत. हे कुठल्याच नियमपुस्तकात नाही. आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

चार दिवसांत बातमी खोरंभर झाली आहे. आता नुसता हेलिकॉप्टरचा आवाज आला तरी बाया धुणं काढतात. काल तुकडी सरावाला गेली, तर म्हणे सगळं खोरं तासाभर ओलं बसलं.

उपाय ताईनेच काढला. प्रत्येक वाडीने एक उंच काठी रोवायची, तिला एक कापड बांधायचं, आणि ते कधीच काढायचं नाही. ते कुणाच्या घरचं धुणं नव्हे, ते गावाचं. त्यामुळे लाज नाही. कापड फाटलं तर आधी दुसरं बांधायचं, मग जुनं सोडायचं. काठी एक क्षणही उघडी ठेवायची नाही.

"केंद्राच्या काठीला तुझं ते मफलर बांधलंय," ताई म्हणाली.

आठ वर्षांपूर्वी मी तिला परदेशातून मफलर आणलं होतं. नारिंगी, भडक, दोन हात लांब. तेव्हा म्हणाली होती, "हे घालून मी रस्त्यात उभी राहिले तर वाहनं थांबतील." त्यानंतर ते तिच्या गळ्यात मी कधी पाहिलं नाही. अर्थात मी आठ वर्षांत खोऱ्यात गेलो नाही, आणि ती शहरात येते ती भर उन्हाळ्यात. रस्ता फार वाईट आहे.

तर शेवटी काठीला. असो. कुठेतरी कामाला आलं म्हणायचं.

३० मार्च, रविवार

फोन वाढलेत. अकरा मिनिटं, तेरा, दहा. हवालदार आता कागदाकडे बघत नाही. काल एका म्हाताऱ्याला स्वतःहून विचारलं, "आजोबा, चेंडू जरा हळू ठेवून बघितलात ना?" आजोबांनी खरंच ठेवून बघितला. दहा मिनिटं लागली ती त्याच फोनची.

जेवताना ताईच्या दाढेचा किस्सा रंगवून सांगितला. आता ती दाढ दुखता दुखता खांद्यापर्यंत उतरली आहे, दंतवैद्य म्हणतो दात ठणठणीत, आणि औषधांच्या बाटल्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणून ठेवल्या आहेत, कारण 'हात वर करायचा कंटाळा.' ताई आणि कंटाळा! सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"वय काय त्यांचं?"

"एकोणसाठ."

"उद्या मला फोन करायला सांगा. नक्की."

मी सांगितलं. ताई म्हणाली, "त्यांना म्हणावं मी इतकी वर्षं नर्स आहे, काय आहे ते मला कळतं." मी डॉक्टरांना तसाच निरोप दिला. डॉक्टर फार वेळ चमच्याकडे बघत बसले. या पेशातल्या माणसांना एकमेकांचा मान फार लागतो.

५ एप्रिल, शनिवार

आणखी दोन झाले. नऊ मिनिटं आणि बारा. घड्याळवाल्यांनी सगळा हिशेब मांडून दाखवला. आठ उड्डाणं, सरासरी पंधरा मिनिटं पंधरा सेकंद. आठ दिवस उरलेत. पंधरा सेकंदांसाठी आख्खी सेवा जाईल. ते एकतीस आणि माझे चोवीस मानगुटीवर बसलेत. हो, माझे. ते चोवीस मी कुणाच्या नावावर ढकलू शकत नाही.

ताईला आकडा सांगितला. तिने तो पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "एक विचार. रुग्ण जर केंद्रातला कर्मचारीच असला, तर तुमच्या वहीत धरतात का?"

केंद्रात झाडलोट आणि मदत करणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्यासाठीच विचारत असणार. गुडघे दुखतात त्यांचे. मी म्हटलं, गुडघ्यासाठी हेलिकॉप्टर नाही येत गं. तरी घड्याळवाल्यांना विचारलं. त्यांनी नियम काढून वाचला, कर्मचारी मुलकी असेल तर धरतात.

"बरं," ताई म्हणाली. "आणि आठवड्यात कुणी आलंच नाही तर?"

"तर बंद."

"तरी लोकांनी उगाच आजारी पडू नये," ती म्हणाली. "खरं दुखलं तरच फोन करावा." मी म्हटलं, हे तू मला का सांगतेस, खोऱ्याला सांग.

९ एप्रिल, बुधवार, सकाळ

हेलिकॉप्टर आत्ताच गेलंय. विक्रम झाला.

दहा वाजून चार मिनिटांनी घंटा. मी दुसरा रिसीव्हर उचलला. पलीकडे ताई. हवालदाराने तोंड उघडायच्या आत तिने एका दमात सांगितलं, "वरचं केंद्र. चेंडू राहतो, पतंग अडकत नाही, कापड नदीकडे उडतंय. दोघांना उचलता येईल, तिसरा आला तर गर्दी होईल. बाई, एकोणसाठ वर्षांची. छातीत दुखतंय, डाव्या हातात उतरलंय, वीस मिनिटं झाली. घाम आहे. शुद्धीवर."

"नाव?" हवालदाराने विचारलं.

"ते मागाहून. तुमच्या कागदात शेवटीच आहे ना ते?"

"नातेवाईक बरोबर येणार?"

"नातेवाईक तिकडेच आहे."

म्हणजे बाईचं कुणीतरी शहरात आहे. उत्तम. तेवढं वजन वाचलं. मी हवालदाराला अंगठा दाखवला.

घंटेबरोबर डॉक्टर आले होतेच. त्यांनी माझ्या हातातला रिसीव्हर घेतला. "ॲस्पिरिन?"

"चावून झाली," ताई म्हणाली.

"आता बसून राहा. बोलू नका. बाकी मावशी बघतील." आणि ते धावत सुटले.

मला हे जरा आगाऊपणाचं वाटलं. रुग्णाची देखभाल सोडून ताईने बसून राहायचं? आणि ताईला, 'बोलू नका'? जन्मात तिला असं कुणी म्हटलं नसेल. नवल म्हणजे तिने ऐकलं. आवाजही आज बारीक होता. तिच्याच वयाची बाई, मैत्रीण असणार, मनाला लागलं असेल.

सात मिनिटं! दहा वाजून अकरा मिनिटांनी चाकांनी जमीन सोडली. घड्याळवाले खिडकीशी उभे राहून दोन्ही हात हलवत होते. सरासरी काढली तर चौदा मिनिटं वीस सेकंद. वाचलो! संध्याकाळी ताईला फोन करून तिचंच अभिनंदन करणार. प्रश्न न विचारता उत्तरं देणारी पृथ्वीवरची पहिली व्यक्ती.

तीच तारीख, दुपार

स्ट्रेचर उतरवलं. त्यावर ताई होती.

दहा ओळी लिहून खोडल्या.

मी धावत गेलो, चपला फोनच्या खोलीतच राहिल्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला बघून तिने तो बाजूला केला. डॉक्टर ओरडले.

"किती?" तिने विचारलं.

मला वाटलं, किती वाजले विचारतेय. मी मनगट बघायला लागलो. मागून घड्याळवाले पुढे आले, वाकले आणि म्हणाले, "सात, ताई. सात मिनिटं."

तिने मास्क परत लावला आणि डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, झोप आहे, घाबरू नका. मी घाबरलो नाही. भिंतीला टेकून खाली बसलो, एवढंच. हवालदार माझ्या चपला घेऊन आला आणि पायाशी जोडून, बरोबर समांतर, ठेवल्या. "घाला, शास्त्रीबुवा," म्हणाला. तो आवाज खाली येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

मेजरबाईंनी चहा पाठवला.

१० एप्रिल, गुरुवार

धमनीत नळी बसवली. मोठे डॉक्टर म्हणाले, दीड तासात आणलंत म्हणून स्नायूला फारसा धक्का नाही. सात तास असते तर? त्यांनीही वाक्य सोडून दिलं. या इमारतीत बरीच वाक्यं सोडून दिलेली पडली असणार.

दुपारी भेटू दिलं. उशीला टेकून बसलेली, नर्सला सलाइनचा वेग कमी कर म्हणून शिकवत होती.

"महिनाभर दाढ दाढ म्हणत होतीस," मी म्हटलं.

"तुला काय सांगणार? तू त्याच्यावर विनोद केलास."

"मग डॉक्टरांना तरी?"

"ते ताबडतोब बोलावून घेतात, बाळ्या. मग गाडी, सात तास, आणि केंद्र बंद. म्हटलं, आठवडाभर बघू." मग जरा चोरट्या आवाजात, "चुकलंच ते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला झाडूने मारलं असतं."

"मी मारू का?"

"बरी होऊ दे." थोड्या वेळाने, "मी धरली गेले ना वहीत?"

"धरली गेलीस."

"मग झालं." आणि डोळे मिटून, "अर्ज करून जे झालं नाही ते असं झालं. सरकारला सांगू नकोस, सवय लागेल."

हवालदार भेटायला आला होता. पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभा राहून म्हणाला, "ताई, तुमचं शेवटचं उत्तर राहिलंय. नाव."

ताईने त्याला नाव सांगितलं. त्याने कागदावर लिहिलं, सलाम केला आणि गेला. क्रम पुरा झाला.

१३ एप्रिल, रविवार

आज सहा आठवडे संपले. आणखी फोन आला नाही. नऊ उड्डाणं, चौदा मिनिटं वीस सेकंद. मंत्रालयाचं पत्र दुपारीच आलं, सेवा वर्षभरासाठी चालू. घड्याळवाल्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून फोनच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलं. "राहू दे इथेच," म्हणाले. त्यांना विचारलं, मंत्रालय काही म्हणणार नाही? म्हणाले, "मंत्रालयाकडे वेळ भरपूर आहे."

बातमी लिहून पाठवली. संपादक म्हणाले, छान, पण दोरीवरच्या कपड्यांचा भाग अविश्वसनीय वाटतो, काढा. मी काढला नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. ती चारावर भाव करते आहे. तोवर केंद्र मावशी आणि शेजारच्या खोऱ्यातली नर्स बघतील. तिला परत सोडायला मी जाणार आहे, गाडीने, सात तास. मी हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी.

पाणी द्यायला वाकलो तर उशीखाली काहीतरी नारिंगी दिसलं. ओढून काढलं. माझं मफलर.

"हे इथे कसं?"

"स्ट्रेचरवर घातल्यावर मागून घेतलं," ताई म्हणाली. "आधी मावशींना चादर बांधायला लावली, मग सोडलं. काठी उघडी ठेवायची नाही."

"पण कशाला?"

"वर गार असतं, हेलिकॉप्टरात." आणि ती भिंतीकडे वळली. झोप येतेय म्हणाली. संध्याकाळी पाच वाजता.

मी खुर्चीवर बसून मफलर बघत राहिलो. रंग उतरून फिकट झालंय. मधला भाग, जिथे गळ्यामागे दुमडतो, पातळ झालाय. कडा उसवल्या आहेत. तीन आठवडे उन्हावाऱ्यात काठीवर होतं, व्हायचंच. आणि दोन ठिकाणी रफू आहे. बारीक, नेटकं, नारिंगी दोऱ्याने, ताईच्या टाक्यांचं. एक रफू इतकं जुनं की दोराही विटलाय.

तीन आठवड्यांत वारा मफलर फाडू शकतो, हे मला मान्य आहे. वारा रफू करत नाही.

घडी घालून उशीखाली परत ठेवलं. खोऱ्यात गेल्यावर विचारीन, सात तासांत कुठेतरी. बहुधा त्याआधी तीच विषय बदलेल.